आण्णांच्या पोटातलं तांबडं

"लाल आहे," डॉक्टर म्हणाले.

दुर्बिणीच्या एका टोकाला डॉक्टर नाडगोंड्यांचा डोळा होता आणि दुसरं टोक आमच्या आण्णांच्या पोटात. मधली काळी, बोटाएवढी जाड, वळवाल तशी वळणारी नळी आण्णांच्या दातांत धरलेल्या प्लास्टिकच्या कड्यातून आत गेलेली.

"किती लाल?" आईनं विचारलं. ती आण्णांच्या उशाशी स्टुलावर बसली होती.

"पुष्कळ. जिकडे बघावं तिकडे लाल."

"म्हंजे तांबडंच की. रश्शासारखं?"

डॉक्टरांना विनोद कळत नसे. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "तसं म्हणायला हरकत नाही."

"आँऽऽ!" डाव्या कुशीवर पडलेले आण्णा ओरडले. "आँ आँऽ!"

"आण्णा, बोलू नका, नळी आहे," मी म्हणाले. मी म्हणजे शालन, त्यांची थोरली मुलगी, आणि त्या दुर्बिणीची तेव्हाची एकुलती एक राखणदार. दुर्बीण धुणं, पुसणं, कपाटात टांगणं, डॉक्टरांच्या हातात देणं, ही माझी नोकरी. सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते, त्यातले चार झाले होते.

"मलाबी दावा," आई म्हणाली.

आता टीव्हीच्या पडद्यावर सगळ्या खोलीला पोट दिसतं. सत्त्याऐंशी साली तसं नव्हतं. नळीच्या वरच्या टोकाला एक भिंग, त्याला एकच डोळा लागायचा. ज्याचा डोळा, त्याचं पोट. डॉक्टरांना त्या यंत्राचा इतका अभिमान होता की ते कुणालाही बघू द्यायचे. त्यांनी भिंग आईपुढं धरलं. आईनं पदर सावरला, एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि बघत राहिली. मग सरळ झाली, भिंतीकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाली, "जोतिबा पावला."

तसे नळी आत जायच्या आधीही तिनं एकदा हात जोडले होते, थेट नळीलाच. मला वाटलं, घाबरलीय बिचारी.

आण्णांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. नळी घशात असली की ते येतंच. पण त्या दिवशीचं नुसतं नळीचं नव्हतं, हे मला माहीत होतं. कारण डॉक्टरांच्या त्या एका शब्दानं आण्णांचा तांबडा रस्सा जन्माचा बंद झाला होता.

आमच्या घरात सव्वीस वर्षं एकच भांडण चालू होतं. आण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. डेपोत इंजिन आणि घरात रस्सा, एवढ्या दोनच गोष्टींत त्यांना गोडी. दर रविवारी स्वतः मटण आणायचं, स्वतः खोबरं-तीळ भाजायचे, स्वतः पाट्यावर वाटायचं आणि वर संकेश्वरी मिरचीचा, तांबड्या तेलाचा दोन बोटं कट आणायचा. आई मटण खात नसे. ती लांब चुलीपाशी बसून आरडायची, "आतनं जळाल! आतडी पिकतील!" आणि आण्णा वाटीतला कट चमच्यानं हलवत म्हणायचे, "तू बघून आलीस काय आत?" हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय.

त्या पावसाळ्यात आण्णांची छाती जळजळायला लागली आणि आईला बळ आलं. त्यात मी कामाला लागलेली नेमकी दुर्बिणीवर. आई म्हणाली, "आता आत बघायचं यंत्र घरचंच हाय. घाला नळी, बघू कोण खरं." आण्णांनी मला यंत्राबद्दल सगळं खोदून खोदून विचारलं. आत काचेचे हजारो तंतू असतात, केसाहून बारीक, त्यांतून उजेड आत जातो आणि चित्र बाहेर येतं, असं मी सांगितलं. आण्णा म्हणाले, "म्हंजे इंजिनात ऑइल बघायची पट्टी. घाल, काय भ्यायचं कारण न्हाई. माझं इंजिन क्लीन हाय."

मग दोघांनी जोतिबाच्या फोटोला हात लावून शपथ घेतली. आत बिघाड निघाला तर आण्णांनी उभ्या जन्मात मिरचीला शिवायचं नाही. चांगलं निघालं तर आईनं रस्सा खाण्यावरून चकार शब्द काढायचा नाही. फोटोपुढची शपथ आमच्या घरात मोडत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तर लाल निघालं.

तपासणी झाली. आई आण्णांना रिक्षात घालून घेऊन गेली, वाटेत दुधीभोपळा घेतला म्हणे. डॉक्टर खुर्चीत बसून कागदावर आण्णांच्या पोटाचं चित्र काढायला लागले. मी दुर्बीण धुवायला मोरीत नेली. नळी धुतली, आतून पाणी ओढलं, औषधात बुडवली, बाहेर काढून टोक पुसायला धरलं. टोकाला तीन बारीक काचा असतात, एक बघायची आणि दोन उजेडाच्या. बघायची काच तेवढी जेमतेम मोकळी होती. उजेडाच्या दोन्ही काचांवर मिळून एक गोल, ठसठशीत, तांबडा ठिपका होता.

मी पुसला. निघेना. नखानं खरवडला. नखात मेण आलं.

मी ते उजेडात धरलं. मेणात कुंकू होतं.

हौसामावशी! आमच्या दवाखान्यातल्या सफाईच्या बाई. त्यांचं कुंकू रुपयाएवढं, आणि जुन्या बायका लावतात तसं आधी कपाळाला मेण, मग त्यावर कुंकू. घाम येवो, पाऊस येवो, हलायचं नाही.

झालं होतं असं. नळी कुठं दुमडली की आतला एखादा तंतू तुटायचा आणि भिंगातून बघताना तिथं एक काळा ठिपका दिसायचा. डॉक्टर रोज सकाळी ठिपके मोजायचे. चार होते. घटस्थापनेच्या दिवशी पाच निघाले. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. हौसामावशी मला म्हणाल्या, "पोरी, दुर्बिणीला नजर लागलीया. खंडेनवमीला समदी आपापली हत्यारं पुजत्यात. न्हावी वस्तरा पुजतो, तुझा बा पाना पुजतो. ह्या बिचारीला कोण?" डॉक्टरांनी तर बजावून ठेवलं होतं, दुर्बिणीला फूल नाही, अगरबत्ती नाही, हळद-कुंकू तर नाहीच नाही. मावशी म्हणाल्या, "नुसतं एक फूल वाहती गं." कपाटाची किल्ली माझ्याकडं. खंडेनवमीला मी ती दिली. वर त्यांना एकटीला सोडून पोस्टात गेले. ती तेव्हाची शालन आज भेटली तर तिच्या एक कानाखाली वाजवीन.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिलाच नंबर आण्णांचा. धुवून ठेवलेली नळी त्या दिवशी सकाळी मी पुसलीही होती. पण आपला बाप टेबलावर पडलेला, दातात कडं, डोळे मोठे केलेले. माझं लक्ष हाताकडं कुठलं? शिवाय तपासणीच्या आधी मी टोकापुढं तळहात धरायचा आणि डॉक्टरांनी भिंगातून बघून घ्यायचं, असा आमचा नेम. तसा त्यांनी तो बघितला होता. पण दसऱ्याला माझ्या मैत्रिणीचा साखरपुडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "शालन, मेंदी फार रंगलीय तुझी." आणि मी, वेडी, लाजले.

मी खोबरेल तेल आणलं, कापसाच्या बोळ्यानं ते कुंकू पुसून काढलं, पुन्हा सगळं धुतलं आणि दुर्बीण कपाटात टांगली. आत्ता जाऊन सांगावं, असं दहा वेळा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे किल्लीचं सांगायचं. किल्लीचं सांगितलं की मी घरी आणि मावशीही घरी. मावशींचा नवरा अंथरुणाला खिळलेला. उद्या सांगू, म्हटलं. भित्रेपणाला उद्यासारखं सोयीचं काही नसतं.

घरी गेले तर आण्णा पाटावर बसलेले. पुढ्यात मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, शेजारी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. आण्णा जेवत होते, मान खाली घालून.

"मीठ बराबर हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"बरं आहे."

दुसऱ्या दिवशी पडवळ. "बरं आहे." तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी. "बरं आहे." आण्णा भांडेनात. पेपर वाचायचे, डेपोत जायचे, यायचे, जेवायचे. आईनं एकदा मुद्दाम भात करपवला, मी स्वतः बघितलं. आण्णांनी करपलेला भातही खाल्ला आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. सव्वीस वर्षांत या माणसानं ताट उचललं नव्हतं.

आई मला परसात गाठून म्हणाली, "बरं आहे म्हंजे काय गं? ह्यांनी कधी कशाला बरं म्हटलंय?"

"तुला हेच पाहिजे होतं की," मी म्हणाले.

"व्हय, पाहिजे हुतं," आई म्हणाली आणि उगीचच तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालायला गेली.

इकडं दवाखान्यात वेगळीच गंमत. आण्णांचं पोट बघितल्यापासून डॉक्टर हवेत होते. त्यांना वाटत होतं, आपल्याला काहीतरी मोठं सापडलं. इतकं सगळीकडं सारखं लाल पोट त्यांच्या मुंबईच्या सरांनीही दाखवलं नव्हतं. त्यांनी एक निबंध लिहायला घेतला: संकेश्वरी मिरची आणि जठराचा दाह. पुढच्या रविवारी कोल्हापूरला डॉक्टरांची सभा होती, तिथं वाचणार होते. दुर्बिणीतून फोटो काढायची सोय नव्हती, म्हणून रंगीत चित्रं. मला म्हणाले, "शालन, येताना लाल पेन्सिल घेऊन ये." दोन दिवसांनी म्हणाले, "अजून एक आण, संपली."

दुसरी पेन्सिल मी टेबलाच्या कडेला ठेवली आणि तशीच मागं सरले. त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुला?" मी म्हणाले, "बरं आहे." आण्णांसारखंच.

त्याच रविवारी आमच्या तालमीचं जेवण होतं. दसऱ्यानंतर दरवर्षी असायचं, दोनशे पानं. आणि दरवर्षी रस्सा आण्णांच्या हातचा. तेवढ्यासाठी घरात एक मोठी पितळी डेग होती, वर्षातून एकदा निघायची. शनिवारी सकाळी तालमीचे दोघे पैलवान दारात आले.

"आण्णा, तुमी नुसतं उभं ऱ्हावा," त्यातला मोठा म्हणाला. "आमी हलवतो. तुमी सांगा काय घालायचं."

"चव न घेता?"

"चव आमी घेतो की."

"तुझ्या जिभेनं माझा रस्सा व्हणार व्हय?" आण्णा म्हणाले. एवढंच एक वाक्य त्यांच्या जुन्या आवाजात होतं. मग आवाज उतरला. "डेग घेऊन जावा. परत आणू नगा. हितं आता कशाला पाहिजे."

पैलवानांनी डेग उचलली. आण्णांनी तिच्या काठावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. सकाळी नऊ वाजता! चहासुद्धा घेतला नाही. मला इतकं रडू आलं की चपला घालायचं भान राहिलं नाही. तशीच अनवाणी दवाखान्यात गेले.

डॉक्टर सभेचे कागद टाचत होते.

"सर, ते लाल नव्हतं," मी म्हणाले.

"काय लाल नव्हतं?"

"आण्णांचं पोट."

"मी स्वतः बघितलं. तुझ्या आईनंही बघितलं. लाल होतं."

"लाल दुर्बीण होती, सर."

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली.

"कुंकू होतं," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"हौसामावशींचं."

"हौसाबाईंचं कुंकू," डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या जठरात कसं जाईल?"

"दुर्बिणीबरोबर गेलं, सर. आणि दुर्बिणीबरोबरच परत आलं."

मग मी सगळं सांगितलं. नजर, फूल, किल्ली, पोस्ट, मेंदी, मेण, खोबरेल तेल. सांगताना मला हुंदके येत होते आणि डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मी थांबले. समोरचं चित्र उचलून त्यांनी बघितलं. दोन पेन्सिलींचं लाल त्यात भरलेलं होतं, कोपऱ्या-कोपऱ्यातून, शाळेतल्या मुलासारखं नीट, रेषेबाहेर कुठं गेलेलं नाही.

"पाण्याचा फवारा मारला होता मी," ते म्हणाले. "तीन वेळा."

"मेणावर लावलं की पाण्यानं जात नाही, सर."

"हे आम्हाला मुंबईला शिकवलं नाही."

"नाही, सर."

"उद्या ऐंशी डॉक्टर असतील सभेत."

"हो, सर."

"तुला काढून टाकायला हवं."

"हो, सर." मी मान खाली घातली. अनवाणी पाय दिसले, ते एकमेकांमागं लपवले.

"पण काढायचं तर रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागेल." त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा बसवलं. "काय लिहू? कुंकू?"

 बाहेर बोळात हौसामावशींचा झाडू चालला होता. डॉक्टर त्याचा आवाज ऐकत बसले.

"वडिलांनी आज काही खाल्लंय?"

"दहा दिवसांत काही खाल्लंय असं म्हणता येत नाही, सर. आज तर चहासुद्धा नाही."

"मग आत्ताच घेऊन ये. आणि हे बघ, पुन्हा तपासायचंय, एवढंच सांग घरी. कारण सांगू नकोस. आणि चपला घालून ये."

आण्णा यायला तयार नव्हते. म्हणाले, काय बघायचं ऱ्हायलंय? पण आईच पटकन उठली. "चला, चला, डॉक्टरांनी बलीवलंय," म्हणत तिनंच त्यांची टोपी आणून दिली. मला जरा नवल वाटलं. जिंकलेला माणूस पुन्हा सामना खेळायला कशाला इतक्या लगबगीनं निघतो?

पुन्हा तेच टेबल, तीच डावी कूस, दातांत तेच कडं, घशात तोच बधिर करायचा फवारा. या वेळी मी टोक उजेडात धरून बघितलं. डॉक्टरांनी टोक बघितलं. मग मी पुन्हा बघितलं. तळहातही धरला. मेंदी उतरली होती.

नळी आत गेली. डॉक्टरांनी भिंगाला डोळा लावला. खोलीत फक्त आण्णांच्या श्वासाचा घर्रघर्र आवाज.  समजा, कुंकवाखालीही लालच असलं तर?

"गुलाबी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नळी वळवली. "इथंही गुलाबी. खालीसुद्धा. वा! एक ओरखडा नाही. तान्ह्या मुलासारखं पोट आहे हो तुमचं, आण्णा."

"आँ?" आण्णा म्हणाले.

"औषधानं गुण आला, काकू," डॉक्टर आईकडं वळून म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं कान तांबडे झाले. "सूज पार उतरली."

"बघू," आई म्हणाली.

पदर सावरला, एक डोळा मिटला, दुसरा लावला. बघत राहिली. डावीकडं मान कलवून बघितलं, उजवीकडं कलवून बघितलं. मग डोळा न काढता तिनं अगदी सहज विचारलं,

"आज कुंकू न्हाई लावलं व्हय दुर्बिणीला?"

दारात हौसामावशी बादली घेऊन उभ्या होत्या. बादली खाली आदळली. डॉक्टर माझ्याकडं बघत होते आणि मी डॉक्टरांकडं. मी जोतिबाची आण घेऊन सांगते, मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हंजे काय? त्या दिशी नळी माझ्या नाकासमोरनं आत गेली की. टोकाला हे एवढं ठसठशीत कुंकू. हात जोडलं मी. म्हटलं, तुमच्यात अशीच रीत असंल."

"आणि आत लाल दिसलं तेव्हा?"

"दिव्याला तांबडा कागुद लावला की खोली तांबडी दिसती, हे काय मला कळत न्हाई? गणपतीत दर वर्सी बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"आँऽऽऽ!" आण्णांनीही हेच विचारलं असावं. त्यांनी एक हात वर करून आईच्या दिशेनं नाचवला. मी तो धरून खाली ठेवला.

आईनं भिंगावरचा डोळा काढला. "डॉक्टर, सव्वीस वर्सं मी सांगत हुतो, आतनं तांबडं झालंय. एक माणूस माझ्या बाजूनं बोलला न्हाई. ही शालनसुदिक न्हाई. पयल्यांदा कुणीतरी शिकल्याला माणूस म्हणाला, व्हय, तांबडं हाय. त्याला मी खोटं पाडू?"

डॉक्टरांनी नळीवरचा हात सावरला.

"मग आज तरी कशाला बोललात?" त्यांनी विचारलं. "मी सांगितलं होतं की औषधानं बरं झालं. तेवढ्यावर भागलं असतं."

आई आण्णांकडं बघत राहिली. तोंडात कडं, गालावर लाळ, डोळे वटारलेले. ती खाली वाकली आणि पदरानं त्यांचा गाल पुसला.

"औषधानं म्हटलं तर ह्यांची शपत तशीच ऱ्हाती की. धा दिस झालं, हा माणूस नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणतोय," ती म्हणाली. "भात करपीवला तरी बरं आहे. मला काय ठावं, मिरची बंद केली की माणूसबी बंद पडतंय ते. मला न्हाई करमत." आणि तिचा आवाज एकदम फुटला. "मला भांडायला कुणी न्हाई घरात!"

आण्णा हलायचे थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर जन्मभर ते नळीमुळंच आलं होतं असं सांगत राहिले. मी दुर्बीणवाली आहे, मला फरक कळतो.

डॉक्टरांनी नळी हळूच बाहेर काढली. आण्णांनी कडं थुंकलं. घसा बधिर, जीभ जड. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आता आईला काय काय ऐकावं लागणार म्हणून.

"डेग," आण्णा म्हणाले. "डेग परत आणा."

दुसऱ्या दिवशी तालमीत दोनशे पानांचा रस्सा आण्णांनी केला, दहा दिवसांची कसर भरून काढत. डॉक्टर कोल्हापूरच्या सभेला गेलेच नाहीत. निबंधाचे कागद फाडले आणि दुपारी तालमीत येऊन आण्णांच्या शेजारी पाटावर बसले. पहिल्याच भुरक्याला त्यांना असा ठसका लागला की चष्मा वाटीत पडला. तो काढून पुसला आणि म्हणाले, "आता सगळीकडे खरंच लाल दिसतंय." मी त्यांचा केलेला तेवढा एकच विनोद ऐकला. आण्णांच्या जळजळीचं कारणही त्यांनीच काढलं, दिवसाला नऊ कप चहा. तो चारावर आणला.

माझी नोकरी राहिली. एकतीस वर्षं राहिली. हौसामावशीही राहिल्या. पुढच्या खंडेनवमीला डॉक्टरांनी स्वतः दुर्बिणीची रिकामी पेटी बाहेर आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हौसाबाई, काय लावायचं ते हिला लावा." मावशींनी पेटीला इतकं कुंकू फासलं की तिचं कुलूप दिसेना.

आईनं शपथ पाळली. रस्सा खाण्यावरून चकार शब्द काढला नाही. त्याऐवजी तिनं वेगळंच केलं. तालमीच्या जेवणात सगळ्यांसमोर वाटी पुढं केली आणि म्हणाली, "वाढा. बघू तरी, एवढं काय हाय त्यात." आण्णांचा हात वाढायच्या डावावरच थांबला. जन्मात मटण न खाल्लेली बाई! तिनं एक भुरका मारला. डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं.  "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि दोघांचं जे जुंपलं ते तालमीतून घरापर्यंत. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पण चटक लागली ती लागलीच. दर रविवारी दोन वाट्या, वर कट वेगळा मागून. शिमग्याच्या सुमाराला आईची छाती जळजळायला लागली. चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी आण्णांनीच तिला रिक्षात घालून आणलं. सगळ्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत, नुसते हसत होते.

आई टेबलावर डाव्या कुशीवर निजली. कडं दातात धरायच्या आधी मला म्हणाली, "शालन, टोक पुसलंयस न्हवं?"

"पुसलंय गं."

"दोनदा पूस."

नळी आत गेली. डॉक्टरांनी बघितलं, सगळीकडं फिरवून बघितलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. गुलाबी. सगळं ठीक. तेवढ्यात आण्णा उशाकडच्या स्टुलावरून उठले.

"मलाबी दावा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी भिंग पुढं धरलं. आण्णांनी टोपी मागं सारली, एक डोळा मिटला, दुसरा लावला. डेपोत इंजिनात बघायचे तसे सावकाश, कसून बघत राहिले. आई खालून त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होती.

मग आण्णा सरळ झाले. भिंतीकडं तोंड करून त्यांनी हात जोडले.

"तांबडं," ते म्हणाले.

"आँऽऽऽ!" आई ओरडली.